मोडेम आहे, रेंज नाही

हँडहेल्ड संगणकाचे मोडेम मुख्यतः दोन जातींचे: मुख्य बोर्डवर कायमचे सोल्डर केलेले आणि एम.२ स्लॉटमध्ये बसवायचे. पहिले बदलता येत नाही. दुसरे बदलता येते, म्हणजे चूक दोनदा करता येते. खोक्यावर दोन्हीकडे ‘४जी’ एवढेच ठळक छापलेले असते. कोणत्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या कोणत्या पट्ट्यावर, हे मात्र भिंगाने शोधावे लागते. जिओची ४जी सेवा ३, ५ आणि ४० या बँडवर. बीएसएनएलची प्रामुख्याने १ आणि २८ वर. मोडेममध्ये २, ४, १२, १३ असे अमेरिकी बँडच असतील, तर तो संगणक दारव्हा गावात येऊन महागडा कॅल्क्युलेटर ठरतो. ‘शकुंतला’ रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज रूळ पाहिलेल्या या गावाला हे पटवावे लागत नाही: रूळ तिथेच, पण ब्रॉडगेजचा डबा त्यावर चढत नाही. २जी मोडेममध्ये जिओचे सिम घालणारे आणखी आशावादी. २०१६ साली सेवा सुरू केलेल्या त्या कंपनीकडे २जी नाहीच. व्होल्टी (४जीवरून कॉल करण्याची सोय) नसलेल्या मोडेममध्ये तिच्या सिमवर इंटरनेट चालते, साधा कॉल लागत नाही. तेव्हा पैसे मोजण्याआधी बँडची यादी वाचावी. विक्रेत्याचे ‘सगळी सिमं चालतात’ हे वाक्य वॉरंटीत येत नाही.