अर्ध्या किलोचा पैलवान

गुडघ्याला आपल्याकडे एक प्रतिष्ठा आहे. वाजपेयी पंतप्रधान असताना, 2000 आणि 2001 साली, मुंबईत त्यांचे दोन्ही गुडघे बदलले आणि तेव्हापासून गुडघा बदलणं म्हणजे काय, हे घराघरांत कळायला लागलं. खुब्याचं नशीब तेवढं थोर नाही. तो नेमका असतो कुठं, इथंच गाडी अडते. माझा खुबा बदलल्यावर मला भेटायला आलेल्यांपैकी काहींनी कंबरेकडे बघून हळहळ व्यक्त केली, काहींनी गुडघ्याकडे. समोरचे आप्पा तर दारातूनच म्हणाले, "कंबर बदललासा म्हणं?" मी हो म्हणून टाकलं. कंबर बदलून मिळत असती तर दोन मापं कमीची घेतली असती, हे मनातल्या मनात.

ऑपरेशन ही त्यातली सोपी गोष्ट. म्हणजे मला सोपी. कमरेखालचा मी त्या दिवशी हजरच नव्हतो. अवघड काम खरं जॉन चार्नली या इंग्रज सर्जननं करून ठेवलंय. खुब्याच्या वाटीसाठी त्यानं आधी टेफ्लॉन वापरलं, ज्यानं पुढं आपल्या तव्यावर बिनतेलाचे डोसे आले तेच. पण ते झिजायला लागलं आणि बारीक कणांनी आजूबाजूला दाह होऊ लागला. तेव्हा या गृहस्थानं टेफ्लॉनचे आणि नव्या पॉलिथिलीनचे नमुने चक्क स्वतःच्या मांडीत घालून घेतले. टेफ्लॉनला मांडी सुजली, पॉलिथिलीननं काही केलं नाही. 1962 साली धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी अशी जोडी बसवायला त्यानं सुरुवात केली. एवढा माणूस मांडी पणाला लावून बसला असताना आपण कुरकुर करणं शोभत नाही. तरी मी केली.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर घेऊन फिजिओ मॅडम हजर. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं, आवाज हेडमास्तरांचा. "काका, उठायचं." आजारपण म्हणजे उशी, मोसंबी आणि शेजाऱ्यांची सहानुभूती, अशा संस्कारांत आम्ही वाढलेलो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी माणसाला उभं करणं मला सरळसरळ पाहुणचाराचा भंग वाटला.

मॅडमचं म्हणणं एकच होतं. डॉक्टरांनी सांधा नवा दिलाय, स्नायू तुमचे जुनेच आहेत. आणि दुखतंय म्हणून वर्षानुवर्षं लंगडून ते तुम्ही वाळवून ठेवलेत. त्यातला मुख्य ग्लुटियस मीडियस, खुब्याच्या बाहेरच्या अंगाला. चालताना दर पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो. तेव्हा हा स्नायू कटिभाग सावरून धरतो. तो ढिला असेल तर पलीकडची बाजू खाली जाते आणि माणूस डुलत चालतो. ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जननं हे 1895 साली लिहून ठेवलंय. शिवाय या ओढाताणीमुळं साधं चालतानाही खुब्यावर वजनाच्या अडीचपट भार येतो म्हणे. मी 78 किलोचा. म्हणजे चिंचा आणायला कोपऱ्यावर जातानाही माझा खुबा दर पावलाला दोन हिंदकेसरी उचलतोय, आणि घरात त्याची कुणाला किंमत नाही.

हे सगळं कोल्हापुरात घडावं, हा खरा दैवदुर्विलास. 1912 साली उभारलेलं खासबाग मैदान इथं, 1959 चा हिंदकेसरी इथल्या तालमीत घडलेला, आणि आमचे आजोबा रोज हजार बैठका मारायचे असं घरात सांगतात. (हजार हा कोल्हापुरात आकडा नाही, विशेषण आहे.) त्यांचा नातू स्वयंपाकघरातला ओटा दोन्ही हातांनी धरून गुडघे जेमतेम वाकवतो आणि मॅडम मोजतात. यांना मिनी स्क्वॉट म्हणतात. आजोबांनी बघितलं असतं तर काहीतरी सांडलंय आणि हा ते शोधतोय, असंच वाटलं असतं.

मग खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. उभी हयात मी जिल्हा परिषदेत बसण्याचा पगार घेतला, त्यामुळं अर्धा व्यायाम मला उत्तम जमे. पाठीवर झोपून कंबर उचलायची. कुशीवर झोपून, दोन पायांत उशी ठेवून, टाचा जुळवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा. हा शिंपला उघडताना माझ्या तोंडून जे आवाज निघत, ते ऐकून खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा हळदीचं दूध घेऊन वर आल्या. शेवटी घोट्याला अर्ध्या किलोची वजनपट्टी. ती बांधून पाय बाजूला उचलायचा. पहिल्यांदा तो हललाच नाही. मी खाली बघितलं, पायानं वर बघितलं. अर्धा किलो म्हणजे किती, हे बाजारात मेथी घेताना कळत नाही.

खुराकाची मात्र चैन. हाड जुळायला पाया सूप हवंच, यावर गल्लीचं एकमत. माझ्या खुब्यात आता धातू आणि प्लॅस्टिक आहे, त्याला बोकडाच्या पायाचं काय कौतुक, असं मी विचारलं. पण स्नायू घडायला प्रथिनं लागतात, असं म्हणून मॅडमनीच अंडी-डाळी वाढवायला सांगितल्या आणि सौ.नी त्या मंजुरीत पांढरा रस्सा घुसवला.

पथ्यंही होती. मांडी घालायची नाही, पायावर पाय नाही, आणि सुरुवातीचे महिने खुब्यातून 90 अंशांपलीकडे वाकायचं नाही, नाहीतर सांधा निखळू शकतो. हे आत्तीला समजावणार कोण? ऐंशी ओलांडलेली आत्ती गारगोटीहून खास भेटायला आलेली. दारात उभी राहिली आणि सवयीनं पाय थोडे पुढं केले. मी हात जोडले. तिनं वाट बघितली. मी हात आणखी घट्ट जोडले. "पेन्शन वाढली वाटतं," आत्ती म्हणाली आणि आत गेली.

पुढं काठी आली. काठी ऑपरेशनच्या उलट बाजूच्या हातात धरायची असते; त्या हातानं दिलेला थोडासा आधारही दुखऱ्या खुब्यावरचा बराच भार काढून घेतो. पण रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या एकाही माणसाला हे मान्य नाही. "काका, काठी उलटी धरलायसा की ओ." एकानं तर थांबवून, माझ्या हातातली काठी काढून दुसऱ्या हातात दिली आणि पुण्य पदरात पाडून निघून गेला. तो वळणाआड जाईपर्यंत मी तशीच धरली. उगाच कुणाचं मन कशाला मोडा?

भाच्यानं बंगळूरहून अँडी मरेचा व्हिडिओ पाठवला. जानेवारी 2019 मध्ये खुब्याचं ऑपरेशन, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अँटवर्पची स्पर्धा जिंकला. त्याचा अख्खा सांधा बदलला नव्हता, हाडाच्या गोळ्यावर धातूची टोपी चढवली होती, आणि आधीसुद्धा तो टेनिस खेळत होता, मी टेंडर फाइली. पण भाच्यांना तपशिलात रस नसतो.

तरी पट्टी अर्ध्याची एक किलो झाली, एकाची दीड. डुलणं कमी झालं. ओटा सोडून एका पायावर उभं राहता येऊ लागलं, तेव्हा शड्डू ठोकायला हात गेलाच होता, सौ.नी वरच्यावर धरला. मग मॅडमनी दोन्ही पायांची ताकद तपासली. एकदा तपासली, पुन्हा तपासली आणि कपाळाला आठी घातली.

"काका, ऑपरेशनचा पाय झकास आहे. आता हा दुसरा, चांगला पाय फारच कमकुवत निघतोय. उद्यापासून त्याला अर्ध्या किलोपासून सुरुवात करू."

सौ.नी पट्टी कपाटात ठेवली होती ती परत काढली. "आणि अहो," ती म्हणाली, "चिंचा आणायच्यात. जाता जाता तेवढे दोन हिंदकेसरी उचला."