चेंज्ड शून्य

'कॉम्प्युटरचं काहीतरी करतो' ही माझी म्हसवडातली ओळख, आणि त्यातलं 'काहीतरी' मला फार झोंबतं. पूर्वी एकेका सर्व्हरवर शिरून अपाचे या वेब सर्व्हरचं रीराइट मॉड्यूल चालू कर, स्टेटस बंद कर, असं चालायचं. काळ्या पडद्यावर अक्षरं धावायची आणि मागे उभ्या भाच्यावर छाप पडायची. आता हे सगळं परस्पर करणारं आन्सिबल आलं. कोणती मॉड्यूलं हवीत, कोणती नकोत, एवढंच फाइलीत लिहायचं. आधीच चालू असलेल्याला ते हातही लावत नाही. शेवटी हिशेब येतो : चेंज्ड शून्य. आमच्या धंद्यात हा आनंदाचा क्षण! पण "आज दिवसभर काय केलंस?" असं आत्यानं विचारलं की "होतं तसंच ठेवलं" म्हणायला जीभ रेटत नाही.

हेच तर्कट मी एकदा आमच्या म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला लावून पाहिलं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघतो. दोरांना हजारो हात, गुलाल-खोबऱ्याची उधळण, चांगभलंचा गजर, मानकऱ्यांचे मान. गावाला प्रदक्षिणा घालून रथ परत जागेवर. आन्सिबलला विचाराल, तर ते म्हणेल, रथ जिथे हवा तिथेच उभा आहे. ओढायचं कारण नाही. ओके एक, चेंज्ड शून्य. गुलाल वाचला, खोबरं वाचलं, यात्राही गेली! हे मी आत्याला मोठ्या कौतुकानं ऐकवलं. तिनं देवाकडे पाहून हात जोडले. माझ्याच वतीनं असावेत.

मात्र आन्सिबलचाच भाऊबंद असलेल्या पपेटवर माझा खरा राग आहे. त्याचं अपाचेचं मॉड्यूल आपल्या यादीत नसलेलं कॉन्फिगरेशन मुळातच पुसून टाकतं. एका जुन्या सर्व्हरवर माझ्याआधीच्या माणसानं फाइलीत टिपण म्हणून लिहून ठेवलं होतं : 'इव्हेंट चालू करू नका, पीएचपी बसतं. पगाराच्या दिवशी तर नकोच.' बरोबरच होतं त्याचं. त्या सर्व्हरवरच्या पीएचपीच्या मॉड्यूलला अपाचेचं इव्हेंट चालत नाही, प्रीफोर्कच लागतं. पण त्या 'तर नकोच'मध्ये त्याची कुठलीतरी जागून काढलेली रात्र होती. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं तिथे तेवढंच उरलं होतं, आणि यंत्राच्या लेखी तो कचरा. तो सर्व्हर पपेटखाली जाण्याआधी मी ती ओळ उचलली आणि माझ्या फाइलीत जशीच्या तशी ठेवली. आन्सिबल ती वाचत नाही. न वाचो.

आत्याला हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे दुसऱ्याचं लिवलेलं उतरून काढायचा पगार मिळतो व्हय तुला?"