मिलिंद, पुढे?

आमच्या पिढीत वर्गात 'मिलिंद' अशी हाक मारली की तीन-चार माना वळायच्या. त्यामुळे एक मिल्या, एक मिलू आणि मी 'चश्मिश'. इतक्या गर्दीच्या नावाची मिजास मी केली ती शब्दकोशाच्या जिवावर. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. कॉलेजात हा अर्थ मी मुलींना कुणी न विचारता सांगायचो. लग्न ठरल्यावर बायकोलाही सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे या फुलावरून त्या फुलावर?"

मग मी राजा झालो. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, पालीत त्याचा मिलिंद झाला. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एकीकडे ग्रीक आणि दुसरीकडे खरोष्ठीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. त्रतरस, म्हणजे तारणहाराचं! हे वाचल्यापासून सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी जरा ताठ बसतो. (तारणहाराकडे सध्या पाण्याची टाकी धुऊन घेण्याचं खातं आहे.) ही नाणी राजा गेल्यावर दोनेकशे वर्षांनीही भडोचच्या बाजारात दिसत, असं 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक ग्रंथात आहे. माझी सही परवा बँकेत चालली नाही. प्लुटार्क लिहितो, राजा वारला तेव्हा त्याच्या रक्षेवरून शहरांत तंटा झाला आणि शेवटी ती सारखी वाटून घेतली. माझ्यामागे तंटा झालाच तर पार्किंगच्या जागेवरून होईल.

पण राजा लोकांच्या लक्षात राहिला तो 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथामुळे. तिथे तो नागसेन भिक्खूला नाव विचारतो. भिक्खू म्हणतो, नागसेन म्हणतात खरं, पण ते नुसतं नाव. त्या नावाचा आत कुणी सापडायचा नाही. राजा अडून बसतो. तेव्हा भिक्खू विचारतो, महाराज, रथातून आलात ना? मग आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा नाही-नाही म्हणत जातो आणि शेवटी मोकळ्या मनाने दाद देतो.

औरंगाबादला 1950 साली सुरू झालेल्या कॉलेजला बाबासाहेबांनी याच राजाचं नाव दिलं. आमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या मिलिंदचे वडील तिथे शिकले. त्याच्या नावात भुंगा कधी नव्हताच. आम्ही दोघं कामाला कुठे गेलो की समोरचा विचारतो, "मिलिंद... पुढे?" नुसत्या मिलिंदवरून काही पत्ता लागत नाही, हीच तर या नावाची गंमत. माझं आडनाव ऐकून माणूस निवांत होतो. त्याचं ऐकलं की आणखी प्रश्न येतात: मूळचे कुठले, वडील काय करायचे. तो शांतपणे गाव-तालुका सांगतो. सवयीने सांगतो, आणि माझं डोकं फिरतं ते त्या सवयीपायी.

हल्ली मी आडनाव सांगतच नाही. परवा एका हॉलच्या बुकिंगला गेलो होतो.

"नुसता मिलिंद कसं चालेल? फॉर्मवर रकाना आहे."

मी रकान्यात 'त्रतरस' लिहिलं. कारकुनाने चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"तळकोकणातले का?"