ब्रोचं नाव सातबाऱ्यावर नसतं

जुईनगरात आता कुणी कुणाचा काका उरलेला नाही. मामा नाही, मावशी नाही, सगळे ब्रो. स्टेशनबाहेर विशीतलं पोरगं साठीच्या रिक्षावाल्याला फर्मावतं, ‘ब्रो, सेक्टर चोवीस.’ कॉलेजातल्या मुली एकमेकींना ब्रो म्हणतात. ‘ब्रो, आमटी संपली?’ हा प्रश्न आईला विचारला जातो आणि आई मुकाट्याने डाव खाली ठेवते.

अर्थ उच्चाराच्या लांबीवरून लावायचा. तुटक ‘ब्रो’ म्हणजे दारातून बाजूला हो. ‘ब्रोऽ’ म्हणजे पाचशे रुपये उसने दे. ‘ब्रोऽऽऽ’ म्हणजे मागचे पाचशे विसर. पुढे प्रश्नचिन्ह लागलं की तुमची अक्कल निघाली. आणि कुणाचे वडील गेले की तेच अक्षर, पुढे तीन टिंबं. झालं सांत्वन.

तो रिक्षावाला शिरवण्याचा आगरी. त्यांच्याकडे थोरल्या भावासाठी ‘दादूस’ असा भरदार शब्द आहे. १९७० नंतर इथल्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, त्यापोटी साडेबारा टक्क्यांचे भूखंड तरी ठरले. दादूस गेला त्यापोटी काय मिळालं? एक जोडाक्षर.

इंग्रजीचं मला वावडं नाही. ‘ओके’सुद्धा १८३९ साली बोस्टनच्या एका वर्तमानपत्रातला पाचकळ विनोदच होता, आज आमच्या आजीच्याही तोंडी आहे. माझं भांडण या फुकटच्या भावकीशी आहे. भाऊ म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. भाऊ म्हटला की सातबाऱ्यावर नाव लागतं, बांध कोरला जातो, कोर्टात तारखा पडतात, बोलणं बंद होतं. तरी लग्नात पंगत वाढायला तोच आणि तिरडीला खांदा द्यायलाही तोच. भाऊबीजेला ताटात ओवाळणी टाकावी लागते ती वेगळीच. ब्रोला यातलं काहीच नको. ना हिस्सा, ना भांडण, ना ओवाळणी.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पन्नाशीचे. पावसाळ्यापासून बेडरूमचा स्लॅब गळतोय म्हणून ग्रुपवर फोटो टाकले. उत्तर आलं, ‘चिल ब्रो.’ अहो, पलंगावर बादली आहे! बादलीत प्लास्टर पडतंय! चिल काय चिल? मेंटेनन्सचं बिल पाठवताना मात्र हाच माणूस नावामागे ‘श्री.’ लावतो आणि थकबाकीवर व्याज. तिथे का नाही लिहीत, ब्रो, राहू दे या महिन्याचं?

सेक्रेटरीसाहेब, मला भाऊ मानू नका. वॉटरप्रूफिंगवाला पाठवा.