नंबर कोनाचा?

(मंचावर एक खुर्ची. खांद्यावर शेला, हातात कापडी थैली घेतलेला शेतकरी येतो.)

दारव्ह्याकडचा मानूस आहो मी, कापूसवाला. यवतमाळले दत्त चौकात आलतो, चष्मा घ्याले. दुकानातल्या पोट्ट्यानं खुर्चीवर बसवलं, तक्ता दाखवला. "वाचा काका." म्या सर्रकन खालच्या ओळीपर्यंत वाचला. म्हने, "दूरचं साजरं दिसते तुमाले!"

अरे बाप्पा, दूरच्या तक्त्याचं मले काय काम? (थैलीतून फवारणीच्या औषधाची बाटली काढतो. तिच्यासोबतचा कागद उलगडतो. तो उलगडतच जातो.) हे वाचाचं हाये मले! पंपाले किती मिली टाकाचं, थे यात लिवलं हाये म्हनते. कुठं लिवलं, थे मुंगीले मालूम.

बाटलीवरचा तिकोन दिसते. लाल म्हनजे सगळ्यात जहाल. मंग पिवळा, निळा, हिरवा. मारते कोन, थे बिनाचष्म्यानं दिसते. मरू नये म्हून काय कराचं, थे बारीक अक्षरात! (थांबतो.) 2017 च्या फवारनीत इषबाधेनं मानसं गेली, थे आमच्या जिल्ह्यातला मानूस इसरत नाई. म्हून आलतो.

पोट्टं हुशार. म्हने, "काका, चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होते, जवळचं पाहाले फुगत नाई. प्रोग्रेसिव्ह घ्या. वर दूरचं, मधात मधलं, खाली जवळचं. मधात रेघ नाई. 1959 मध्ये फ्रान्सात निघालं हे." लावला. समोर झकास, बाजूले सारं डुलते! म्हने, "डोळे नाई, मान फिरवाची." पाठीवर पंप, तोंडाले फडकं, अन् मान फिरवू? (मान फिरवतो, पाठोपाठ सारं अंग गरकन फिरतं.) झाली शेजाऱ्याच्या तुरीवर फवारनी!

मंग दोन भिंगाचा देल्ला. खाली पाह्यलं त उंबरठा वर आलेला. (उंच पाय टाकतो, धाडकन आपटतो.) उंबरठा जागेवरच!

घरवाली म्हने, "आहो, बाजारातला तयार घ्या. दोघाइले पुरते." त्यात दोन्ही डोळ्याइले सारकाच नंबर. माहा डावा येगळा, उजवा येगळा, अन् तिचे दोन अखीन येगळे. चार डोळ्याइची पंचाईत एका चष्म्यात बसवते बाई!

शेवटी निव्वळ वाचाचा लावला. कागद धरला. रेघा दिसल्या, अक्षर नाई. पोट्ट्यानं नंबर वाढवला. नाई. अखीन वाढवला. नाई. मंग त्यानंच सोताचा चष्मा काढला, कागद नाकाले लावला, घाम पुसला. म्हने, "काका, अजून वाढवू?"

म्हनलं, माहे डोळे झाले तपासून. आता ज्यानं हे छापलं, त्याले बसव ना गा खुर्चीवर!