आठवडी मिशनरी

आपल्याकडे आठवडी बाजार भरतो, तसा ग्वाटेमालात आठवडी मिशनरी येतो. शनिवारी उतरतो, पुढच्या शनिवारी परत. अमेरिकेतल्या एखाद्या चर्चची पंधरावीस माणसं, अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर छापलेलं ‘यशया ६:८’. यातल्या ब्रदरना पाहायचं असेल तर सोमवारी जाऊ नका. सोमवारी बिचारे नुसते घाम पुसत असतात. ते खुलतात गुरुवारी दुपारनंतर, परतीचे वेध लागले की.

गुरुवारी चुलीचं अर्पण असतं. डोंगरातल्या कितीतरी माया घरांत अजून तीन दगडांची चूल पेटते आणि खोलीभर धूर कोंडतो. तिच्या जागी वर लोखंडी पत्रा आणि मागे धुराडं असलेली ‘प्लांचा’ चूल बांधून द्यायची, हे या तुकडीचं काम. चूल बांधतो गावचा गवंडी. ब्रदर त्याच्या हाती विटा देतात. चर्चच्या अहवालात मात्र गवंडी मदतनीस होतो. प्रार्थना होते, ब्रदरचा गळा दाटतो, घरची बाई संकोचून हसते आणि तोर्तिया थापायला बसते. ब्रदरही एक थापतात. तिच्यात पीठ कमी आणि भोकं जास्त. पोरं खिदळतात, बाई पदराआड न लपवता हसते, आणि आठवडाभर दुभाष्याला जे जमलं नाही ते त्या फाटक्या तोर्तियाला जमतं.

रात्री निरोपाची उपासना. ब्रदर सुवार्ता घेऊन आलेले असतात खरे, पण त्यांच्या पंथाची सुवार्ता १८८२ सालीच इथे पोहोचलेली आहे. राष्ट्राध्यक्ष हुस्तो रुफिनो बारिओस यांनीच प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याला बोलावून आणलं होतं. कॅथलिक तर त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचे. आता गावच्या पाळकांचा आवाज असा, की कर्णा लावायची गरज नाही. तरी कर्णे चार. ते पाहुण्यांच्या डोक्यावर हात ठेवून कळवळून मागतात, “प्रभू, यांचा देश श्रद्धेत थंड पडला आहे, त्याला जागं कर!” ब्रदरना स्पॅनिश येत नाही. ते सगळ्यात मोठ्यानं ‘आमेन’ म्हणतात.

शुक्रवार अँटिग्वाचा. १७७३ च्या भूकंपात पडलेली चर्चेस, सांता कातालिनाची पिवळी कमान, मागे आग्वा ज्वालामुखी. त्या कमानीखाली सगळ्यांचा एकत्र फोटो. काल याच ब्रदरनी पायातले बूट काढून एका पोराला दिले होते. आज पायात नव्या चपला आणि बाजारात दहा केत्सालसाठी हुज्जत. दहा केत्साल म्हणजे दीड डॉलरही नाही. पण घासाघीस केली नाही तर विक्रेतीचा अपमान होतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. विक्रेतीला कुणी विचारलेलं नसतं.

संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर गोल करून ‘डीब्रीफिंग’. प्रत्येकानं मन मोकळं करायचं. “काही नसूनही ही माणसं किती समाधानी!” असं एकामागून एक अकरा जण म्हणतात. मग ब्रदर डोळे मिटून मुद्द्यावर येतात, “आपण दिलं त्याहून कितीतरी अधिक घेऊन चाललो.” हे अगदी खरं असतं. येताना बॅगांत जुने कपडे होते; आता कॉफी, शाली, मुखवटे आणि एक झोपाळा. काट्यावर बॅग पन्नास पौंडांच्या वर जाते आणि ब्रदर सेवेचा टी-शर्ट काढून ठेवतात.

नगरच्या माणसाला इथे सिंथिया फॅरार आठवते. अमेरिकन मराठी मिशनची ही शिक्षिका १८२७ साली मुंबईला उतरली आणि १८६२ साली अहमदनगरला वारली. मुली शिकवण्यात तिची हयात गेली. तिच्या मुक्कामात डीब्रीफिंगचा शुक्रवार कुठे बसवायचा, हे ब्रदरनीच सांगावं.

तरी ब्रदरना नावं ठेवून उठू नका. ती चूल चांगली चालते, घरात धूर नाही, बाईच्या डोळ्यांचं पाणी थांबलं आहे. फक्त धुराड्यात काजळी साचते, ती वरचेवर काढावी लागते. ते काम गवंडी करतो.