सफाई कामगार पोहोचला!

रा. रा. फिश टँकवाले दादा,
मुक्काम सांगली.

स. न. वि. वि.

गणपतीला सांगलीत आलेल्या माझ्या भाचीला आपण विकलेला 'सफाई कामगार' साताऱ्यात पोहोचला. पांढरा-गुलाबी, लाल डोळ्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा. "घाण खातंय ओ ते, वेगळं कायबी घालाय नको," ही आपली हमी भाचीनं तंतोतंत पाळली. त्यामुळे मासा उपाशी आहे. बाकी सर्व क्षेम.

वाटोळं काचेचं भांडं, निळे धारदार खडे, प्लॅस्टिकचा किल्ला, सगळं आपलंच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध तेवढं राहिलं. गर्दीत व्हायचंच.

याचं नाव अल्बिनो कोरीडोरास. दक्षिण अमेरिकेतल्या ब्राँझ कोरीडोरासचा हा रंगहीन वाण माणसानं टाक्यांत पैदास करून टिकवला. थव्यानं तळाशी फिरायचं, मऊ वाळूत तोंड खुपसून अळ्या-किडे वेचायचे, हा त्याचा पिढीजात धंदा. इतर माशांची विष्ठा तो खात नाही, काचेवरचं शेवाळही साफ करत नाही. खाली पडलेला दाणा खातो, पण पडला तर! आपणच दिलेला गोल्डफिश एकही दाणा तळाला जाऊ देत नाही.

मी जवळून पाहिलं. मिशा झिजून नुसते खुंट उरलेत, पोट खपाटीला गेलंय. मधूनच सुसाट वर येतो, हवेचा घोट घेतो, पुन्हा तळाशी. "मामा, बघ कसा खेळतोय!" भाची म्हणते. गिळलेल्या हवेतला प्राणवायू हा मासा आतड्यातून घेतो, आणि पाण्यात तो कमी पडला की या फेऱ्या वाढतात. खेळ कसला, जीव तगवणं चाललंय.

शिवाय एकटाच दिलात. सहा-आठ जणांच्या घोळक्याशिवाय तो कोपऱ्यात दबून बसतो. नीट ठेवला तर दहा वर्षंही जगतो. आपण मात्र "मेला तर दुसरा न्या" असं आधीच सांगून ठेवलंत.

आता सरळच बोलतो. खाली वाकून आपली घाण निस्तरणारं कुणीतरी हवं, पण त्याला पोटभर जेवण नको, सोबत नको, जागा नको! ही आपल्या समाजाची जुनी खोड. माणसांवर चालवली, ती आता माशावर चालवतो. आपण तिचं दुकान मांडलंत.

तरी आपल्यावर पुरता राग धरवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट गाठले, बाजारपेठ पाण्यात गेली. त्यातून सावरून दुकान चालवणं सोपं नाही. त्यात "सहा घ्या" म्हटलं की "लुटायला बसलाय" म्हणत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. खरं बोलणाऱ्याचा माल पडून राहतो, हेही ठाऊक आहे.

पण एवढं कराच. साफ करणारा मासा मागणाऱ्याला सांगा, टाकीतली सगळी घाण निस्तरणारा मासा नसतो. कोरीडोरास न्यायचा तर सहा न्या, मोठी टाकी, बारीक वाळू आणि फिल्टर घ्या, दिवा मालवल्यावर तळाला जाणारी गोळी टाका, आणि दर आठवड्याला थोडं पाणी स्वतःच्या हातानं बदला. एवढं जमत नसेल, तर त्याला भांड्यांच्या दुकानातून घासणी आणायला सांगा. तिला भूक लागत नाही.

आपला,
साताऱ्याचा एक मामा